पाटी सर्वांत शेवटी बदलते

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात एका व्यापाऱ्याने आपले नाव भिंतीवर कोरून ठेवले आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल. हे शैलगृह आपण सिद्धीस नेले आणि साऱ्या जंबुद्वीपात याच्या तोडीचे दुसरे नाही, असे तो बजावून सांगतो. जाहिरातीची ही भाषा जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे. श्रेष्ठीचा पुढे शेट झाला आणि शेटच्या दुकानावर रंगवलेली पाटी आली, पण हौस तीच राहिली. मावळातल्या व्यापाऱ्याला नावाचे किती वेड, असे मात्र एकदम म्हणू नये. वैजयंती म्हणजे कर्नाटकातले बनवासी. हा गृहस्थ शेकडो मैलांवरून आलेला. तिकडे पुणे-लोणावळा लोकलच्या घोरावाडी स्थानकापासून जवळच्या शेलारवाडीच्या डोंगरात धेनुकाकट गावच्या एका शेतकरी गृहस्थाच्या पत्नीचे दान कोरलेले आहे. ज्या बौद्ध संघाला तिने लेणे दिले तो तिथून केव्हाच गेला. आता तिथे घोरवडेश्वराची पिंड आहे आणि महाशिवरात्रीला गर्दी होते. देव बदलला, भक्त बदलले, भाषा बदलली; दात्याचे नाव तेवढे भिंतीवर राहिले. नाव आणि त्यामागचा कारभार या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने चालतात, याचा यापेक्षा जुना दाखला मावळात सापडणार नाही.

या प्रकरणाचा विषय दुकानांचा आहे. गावातले, शहरातले, लोकांच्या तोंडी बसलेले एखादे मोठे दुकान देशभर पसरलेल्या साखळीच्या ताब्यात जाते, एका रात्रीत पाटी उतरते, दुसरी चढते आणि लोक हळहळतात. घोरावाडीसारख्या छोट्या स्थानकाभोवतीच्या वस्तीत मोठे दुकान टिकण्याइतके गिऱ्हाईक नसते. इथला माणूस वाणसामानापलीकडचे काही घ्यायचे तर लोकल पकडतो, एका बाजूला तळेगाव-लोणावळा, दुसऱ्या बाजूला चिंचवड-पुणे. त्यामुळे दुकानांची नावे बदलली ती दुसऱ्यांच्या गावात, तरी खरेदीची सवय बदलली याची. माझे म्हणणे थोडक्यात असे: पाटी बदलते तेव्हा जे जायचे ते आधीच गेलेले असते. कोणता माल घ्यायचा, कुणाकडून घ्यायचा, कुणाला उधार द्यायचे, तक्रार आली तर कुणी ऐकायची, हे ठरवण्याचा अधिकार आधी गावाबाहेर जातो. नाव त्यानंतर कधीतरी जाते, आणि आपण रडतो ते मात्र नावासाठी.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अमेरिकेतून मिळतो. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरचे मार्शल फील्ड्स हे त्या शहराचे दुकान. त्याच्या कोपऱ्यावरच्या घड्याळाखाली भेटायचे ठरवणे हा तिथला रिवाज. ९ सप्टेंबर २००६ रोजी त्या दुकानाचे नाव मेसीज झाले. त्याच दिवशी बॉस्टनचे फाइलीन्स, पिट्सबर्गचे कॉफमन्स आणि इतर शहरांची अशीच घरची नावे मिळून सुमारे चारशे दुकानांवर न्यूयॉर्कचे एकच नाव लागले. शिकागोत लोक त्या घड्याळाखाली जमले, निषेध झाला. पण दुकानाची मालकी पाहिली तर चित्र वेगळे दिसते. १९८२ साली ते ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या सिगारेट कंपनीच्या हाती गेले, १९९० मध्ये मिनियापोलिसच्या डेटन हडसनकडे, २००४ मध्ये सेंट लुइसच्या मे कंपनीकडे आणि २००५ मध्ये मे कंपनीसकट मेसीजची मालक असलेल्या फेडरेटेडकडे. म्हणजे शिकागोच्या दुकानाचे निर्णय शिकागोबाहेर जाऊन चोवीस वर्षे झाली होती. त्या चोवीस वर्षांत घड्याळाखाली कुणी निषेधाला जमले नाही, कारण पाटी जागेवर होती. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमचे जेसप्स हे दुकान जॉन लुइस या साखळीने १९३३ मध्ये घेतले आणि त्याचे नाव बदलले २००२ मध्ये. जवळजवळ सत्तर वर्षे तिथल्या लोकांनी जेसप्स म्हणून जॉन लुइसमध्येच खरेदी केली.

आपल्याकडचे ताजे उदाहरण बिग बझारचे. ते स्वतः देशव्यापी साखळी होते, तरी त्याच्या अंतातही हीच गोष्ट दिसते. फ्यूचर समूहाने २००१ पासून उभी केलेली ही दुकाने. वाटेत याच समूहाने २०१७ मध्ये हायपरसिटी ही साखळी गिळली आणि तिचे नाव पुसले. ऑगस्ट २०२० मध्ये आपला किरकोळ व्यवसाय रिलायन्सला विकण्याचा सुमारे २४,७१३ कोटी रुपयांचा करार फ्यूचरने जाहीर केला आणि तो ॲमेझॉनबरोबरच्या कज्ज्यात अडकला. दरम्यान भाडे थकले. जागामालकांनी भाडेकरार रिलायन्सच्या नावे केले आणि रिलायन्सने त्याच जागा फ्यूचरलाच पोटभाड्याने दिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने ती पोटभाडी रद्द करून दुकाने ताब्यात घेतली, आणि थोड्याच काळात तिथे स्मार्ट बझारच्या पाट्या आल्या. मूळचा करार तर पुढे एप्रिलमध्ये मोडलाच. दुकानाच्या जागेचा भाडेकरार दुसऱ्याच्या नावे झाला होता तेव्हाही वर बिग बझारचेच नाव झळकत होते आणि आत सवलतीच्या घोषणा चालू होत्या. गिऱ्हाइकाला यातले काही कळण्याचा मार्ग नव्हता. पाटी हा साक्षीदार नेहमी उशिराच कोर्टात येतो.

महाराष्ट्राला मात्र याहून जुना आणि जास्त बोचणारा अनुभव आहे, कारण इथे दुकानाच्या नावातच मालक कोण ते लिहिण्याची एक परंपरा होती. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत दोन गोष्टी जन्मल्या. १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी दरडोई एक पैसा मागत हिंडून जमवलेल्या निधीतून. कारखान्याला कुणा शेटचे नाव नाही, देणाऱ्याच्या पैशाचे नाव. त्याच्या दोन वर्षे आधी, १९०६ मध्ये, मुंबईत टिळकांच्या पुढाकाराने आणि शहरातल्या उद्योगपतींच्या भांडवलावर बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स उघडले. इंग्रजी धर्तीचे बहुदालनी दुकान, पण आतला माल देशी. त्या नावातला एकेक शब्द काहीतरी कबूल करीत होता: कुठला माल, कुणाची मालकी, कोणते शहर. १९९० च्या दशकात ते दुकान द बॉम्बे स्टोअर या नावाने नव्याने सजले. ‘स्वदेशी’ गेले, ‘को-ऑपरेटिव्ह’ही गेले, शहराचे नाव उरले, तेही जुने. इथे बाहेरच्या कुठल्या साखळीने येऊन काही हिसकावले नाही. काळाबरोबर आतला व्यवहार बदलत गेला, आणि नावाने शेवटी त्याच्याशी जुळवून घेतले. प्रामाणिकपणाच म्हणायचा.

सहकाराची गोष्ट याच वाटेने जाते, पण तिला एक वळण आहे. १९४८ साली मुंबईच्या नायगावात, गिरणगावात, कामगारांच्या ग्राहक संस्थेतून अपना बाजार उभा राहिला. रेशनचा काळ, काळाबाजार, भेसळ. त्यावर सभासदांचे स्वतःचे दुकान हा तोडगा. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची योजना काढली. १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर तिला जोर आला आणि दिल्लीत सुपर बझार उघडला. महाराष्ट्रात ग्राहक भांडार, जनता बाजार, सहकारी भांडार अशी नावे गावोगाव दिसू लागली. ‘अपना’ आणि ‘सहकारी’ ही विशेषणे इथे शोभेची नव्हती. सभासद वार्षिक सभेत उठून तांदळात खडे का निघतात ते विचारू शकत होता. पुढे काय झाले? मुंबईतल्या सहकारी भांडाराच्या दुकानांचा कारभार रिलायन्स रिटेलने हाती घेतला आणि पाटी मात्र सहकारी भांडार हीच ठेवली. शिकागोत जे झाले त्याच्या नेमके उलटे. तिथे नाव गेले म्हणून लोक खवळले. इथे नाव राहिले म्हणून कुणी हूं की चूं केले नाही. मला विचाराल तर दुसरे जास्त गंभीर आहे. गेलेल्या नावाची निदान आठवण राहते. राहिलेले नाव आठवणीलाही फसवते. मराठीत ‘नावापुरता’ हा शब्द आहे तो अशाच गोष्टींसाठी.

सहकार बुडाला तो साखळ्यांमुळे, असे यावरून म्हणता येणार नाही, आणि इथे पहिल्या आक्षेपाला, म्हणजे ही दुकाने आपल्याच दोषाने बुडाली या म्हणण्याला, उत्तर दिलेच पाहिजे. राधाकिशन दमाणी यांनी १९९९ च्या सुमारास नेरुळला अपना बाजारची शाखा परवान्यावर चालवली. ती पद्धत त्यांना पटली नाही, आणि २००२ मध्ये पवईत त्यांनी डीमार्टचे पहिले दुकान काढले. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराला पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, कपाटात तेवढाच माल ठेवायचा जो झपाट्याने खपतो. यातली एकही गोष्ट सहकारी भांडाराला करता आली नसती असे नाही. पण निवडणुका, नातेवाइकांची भरती, पडून राहिलेला माल आणि सरकारी भांडवलाची सवय यांनी बहुतेक भांडारे आतून पोखरली होती. ‘अपना’ म्हणणाऱ्या दुकानात विक्रेता गिऱ्हाइकाकडे पाहायला तयार नसेल तर ते आपले कसे? म्हणजे निर्णय गावाबाहेर जातो म्हणताना हेही म्हटले पाहिजे की कित्येकदा गावानेच तो वाऱ्यावर सोडलेला असतो. वारणानगरचा वारणा बाजार आपल्या नावानिशी उभा राहिला, कारण त्याच्यामागे ऊस आणि दूध घालणारा सभासद होता. तो एकाच वेळी मालकही होता आणि गिऱ्हाईकही.

निर्णय जातो म्हणजे नेमके काय जाते, हे एका पदार्थावरून नीट दिसते. मावळचा तांदूळ घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी ही जात तयार केली. ती १९८७ साली प्रसारित झाली. आंबेमोहराचा वास आणि बुटक्या जातीचे उत्पन्न यांची ही सांगड शेतकऱ्याने उचलून धरली, आणि आज पुण्यात ‘मावळचा इंद्रायणी’ ही स्वतंत्र ओळख आहे. तळेगाव-कामशेतच्या भुसार दुकानदाराला यात एक ज्ञान लागते: नवा तांदूळ की जुना, कुठल्या शिवारातला, यंदा पावसाने दाणा किती तुटला. तो पोते उघडून मूठभर दाखवतो, गिऱ्हाईक हातावर चोळून वास घेते, आणि चिकट भात झाला तर पुढच्या आठवड्यात सुनावते. साखळीत ही खरेदी दूरच्या कचेरीत होते. तिथे एका वेळी शेकडो दुकानांचा माल ठरतो. म्हणून माल एकसारखा हवा, वर्षभर हवा, आणि एकाच पुरवठादाराकडून मोठ्या संख्येने हवा. मावळातल्या चार पोती विकणाऱ्याशी बोलायला त्या व्यवस्थेला सवड नाही, यात दुष्टपणा काही नाही. व्यवस्थेचा आकारच तसा आहे. शिवाय साखळी आपला शिक्का मारलेला माल विकते. डीमार्टचा प्रीमिया, रिलायन्सचा गुड लाइफ. दुकानावरची पाटी बदलली हे रस्त्यावरून दिसते, पण आत पिशवीवरूनही गावाचे नाव गेले हे कुणाच्या लक्षात येत नाही. इंद्रायणी मिळतोच, कदाचित स्वस्तही मिळतो. तो कुठून आला ते कुणाला विचारायचे, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. ओळखीचे दुकान सगळ्यांना सारखे ओळखीचे नव्हते. उधारीची वही हा आधार होता तसा फासही होता. खाते थकलेल्या घरातल्या बाईने चारचौघांत ऐकून घ्यायचे, हलका माल निमूट न्यायचा, भाव विचारायचा नाही. पाच पिढ्या गावात असलेल्या शेटला कोणाची जात काय हेही पाठ असायचे, आणि फळीच्या कोणत्या बाजूला कोणी उभे राहायचे ते त्यावरून ठरायचे. साखळीच्या दुकानात ढकलगाडी घेऊन कुणीही आत शिरते, वस्तू स्वतःच्या हाताने उचलते, छापील किंमत पाहते, नको तर परत ठेवते, आणि पावती घेऊन बाहेर पडते. कुणी नाव विचारत नाही. जिला नावामुळे सोसावे लागले तिला हे निनावीपण सुटकेसारखे वाटले तर त्यात आश्चर्य नाही, आणि जुन्या पाटीसाठी उसासे टाकणाऱ्याने हे आधी मोजले पाहिजे. मी ते पूर्ण मान्य करतो. पण यातून सिद्ध काय होते? मांडणी खुली असावी, किंमत छापलेली असावी, पावती मिळावी, एवढेच. यातली एकही गोष्ट खरेदीचा निर्णय दूर गेल्याने आलेली नाही. ती हाताने माल उचलायच्या मांडणीतून आणि वेष्टनावर किंमत छापण्याच्या सक्तीतून आली, आणि गल्लीतल्या कित्येक वाण्यांनीही ती उचलली आहे. सन्मान आणि जबाबदारी यांतले एकच निवडा, असा हा सौदा नाही.

तिसरा आक्षेप असा की प्रत्येक राष्ट्रीय नाव कधीतरी एका गल्लीचेच नाव होते. खरे आहे, डीमार्ट पवईचे. आणि काही स्थानिक नावे तर साखळ्यांच्या गर्दीतही हलत नाहीत. लोणावळ्याच्या बाजारात चिक्की विकत घेणारा प्रवासी मगनलाल म्हणून मागतो, आणि हे नाव एकाहून जास्त पाट्यांवर वाचायला मिळते. जिथे गिऱ्हाईक नाव घेऊन माल मागते तिथे नाव पुसणे परवडतच नाही. उलट त्याला फाटे फुटतात. पण भुसार मालाला, साबणाला, चादरीला असे भाग्य नाही. तिथे नाव मालाचे नसते, देणाऱ्याच्या शब्दाचे असते. २००७ च्या सुरुवातीला आदित्य बिर्ला समूहाने हैदराबादची त्रिनेत्र ही साखळी घेतली आणि मे महिन्यात पुण्यात मोअर या नावाने पहिले दुकान काढले. त्रिनेत्रचे नाव मागे पडले. पुणेकराला ते नाव माहीतच नव्हते, त्यामुळे त्याला मोअर हे नवे दुकान वाटले. एका शहराची पुसलेली ओळख दुसऱ्या शहरात कोरी पाटी होऊन येते.

राज्य सरकारचे लक्ष पाट्यांवर आहेच. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असू नये असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीला दोन महिन्यांची मुदत दिली. याच दुरुस्तीत मद्य विकणाऱ्या वा पाजणाऱ्या जागेला थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना यातली निकड सांगायला नको. मी या कायद्याच्या विरोधात नाही. पण त्याची नजर अक्षरावर आहे. स्मार्ट बझार देवनागरीत आले की कायदा तृप्त होतो. त्या दुकानातला व्यवस्थापक शेजारच्या गावातून दहा पोती तांदूळ स्वतःच्या सहीने घेऊ शकतो का, हे कुठल्याच फलकावर लिहावे लागत नाही. कारखान्यांच्या बाबतीत हा घोळ होत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या प्रकल्पात डिसेंबर २०२० मध्ये गाड्यांचे उत्पादन थांबले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो ह्युंदाईच्या ताब्यात आला. प्रवेशद्वारावरचे नाव बदलले याचा शोक करत कुणी बसले नाही. भांडण झाले ते जुन्या कामगारांच्या नोकऱ्यांचे. कारखान्याच्या दारात कामगाराला आपला प्रश्न काय आहे ते ठाऊक असते. दुकानाच्या दारात गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते, म्हणून ते पाटीकडे पाहत उभे राहते.

अगदी पाटीच नसलेली व्यवस्थाही महाराष्ट्राने चालवून पाहिली आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिला दुकान नाही. शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याचे मागणीपत्रक भरतात, पंचायत घाऊक खरेदी करते, आणि ठरलेल्या दिवशी माल संघातल्या एखाद्या घरी उतरतो. मग पाळीपाळीने सभासदच तो वाटतात. हजारो कुटुंबांचे वाणसामान असे चालते. इथे शोभेच्या कपाटाची सोय नाही, वेळ मोडतो, आयत्या वेळी एक किलो रवा हवा असेल तर पुन्हा कोपऱ्यावरचा वाणी गाठावा लागतो; नोकरीसाठी रोज लोकलने चिंचवड गाठणाऱ्याला हा व्याप झेपेलच असे नाही. पण तूरडाळ बिघडलेली निघाली तर कुणाला बोलायचे हे तिथे प्रत्येकाला माहीत असते. ती डाळ त्या महिन्यात कुणाच्या घरी उतरली आणि वाटपाला कोण होते, ते संघाच्या वहीत नावानिशी लिहिलेले असते.